पपईच्या रोपांना व्हायरसविरुद्ध लस देता येते का?

तापीकाठचा बागायतदार (शहादा, जि. नंदुरबार) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे तीन एकर पपई असते, वाण तैवान 786. मागील वर्षी फेब्रुवारीत लागवड केली आणि पोळ्याच्या सुमारास शेंड्याची पाने पिवळी पडून आकसू लागली. काही पाने तर अगदी दोऱ्यासारखी बारीक झाली. देठांवर आणि खोडाच्या हिरव्या भागावर तेलकट रेषा दिसल्या आणि पुढे फळांवर गोल गोल वलये उमटली. व्यापाऱ्याने एक तोडा घेतला आणि दुसऱ्या तोड्याला गाडी पाठवलीच नाही. निम्म्याहून अधिक झाडे आम्हांला उभीच सोडून द्यावी लागली.

यंदा रोपे बुक करताना एका विक्रेत्याने मला एक बाटली दाखवली. ही "झाडांची लस" असून तीन फवारण्या केल्या की व्हायरस येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच आठवड्यात धाकट्या मुलीला गोवराची लस देऊन आणली होती, त्यामुळे तो शब्द मनात घोळत राहिला. मुलांना एकदा टोचले की अनेक वर्षांचे संरक्षण मिळते, तसे झाडात खरोखर घडते का? घडत असेल, तर आजवर आमच्यापर्यंत ते का पोहोचले नाही? आणि घडत नसेल, तर या बाटलीत नेमके काय असावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. पैशांचा प्रश्न आहेच, पण मला गोष्ट मुळापासून समजून घ्यायची आहे.

वनस्पतिरोग अभ्यासक (राहुरी)

दादा, आपण लिहिलेली लक्षणे पपईवरील रिंगस्पॉट विषाणूची आहेत. भारतात या रोगाची पहिली नोंद म्हणून ज्या लेखाचा उल्लेख होतो, तो कपूर आणि वर्मा यांनी 1948 मध्ये मुंबई प्रांतातील पपईच्या मोझॅकवर (पाने चट्टेरी करणाऱ्या विषाणूरोगावर) लिहिला होता. म्हणजे हा रोग आपल्या भागाला नवा नाही.

आता मूळ प्रश्न. माणसाच्या शरीरात लस दिल्यावर प्रतिपिंडे तयार होतात आणि रोगजंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी रक्तातून फिरत राहतात. झाडाला रक्त नाही, फिरत्या संरक्षक पेशी नाहीत आणि प्रतिपिंडेही नाहीत. त्यामुळे गोवराच्या लसीत जे घडते, ते त्याच रीतीने पपईत घडू शकत नाही. मात्र यावरून झाडाला प्रतिकार करताच येत नाही असा अर्थ काढला, तर तो चुकीचा ठरेल. झाडाची प्रत्येक पेशी आपल्यापुरती लढते आणि शेजारच्या पेशींना इशाराही देते.

याची पहिली ठळक खूण 1928 मध्ये विंगार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाला तंबाखूवर दिसली. खालची पाने विषाणूने डागाळलेली होती, पण त्यानंतर फुटलेली वरची पाने स्वच्छ निघाली आणि त्या पानांवर तोच विषाणू पुन्हा चोळला तरी रोग उमटला नाही. पुढच्याच वर्षी, 1929 मध्ये, मॅकिनी यांनी दाखवून दिले की तंबाखूच्या रोपाला मोझॅकच्या एका प्रकाराची लागण आधीच झालेली असेल, तर त्याच विषाणूचा पिवळी पाने करणारा दुसरा प्रकार तेथे आपली लक्षणे दाखवू शकत नाही. सौम्य विषाणू आधी देऊन उग्र विषाणूला अडवण्याची ही रीत क्रॉस प्रोटेक्शन या नावाने ओळखली जाते. आपण ज्याला झाडाची लस म्हणू शकू, त्याच्या सर्वांत जवळची गोष्ट हीच आहे.

असे का होते, हे उलगडायला पुढे सत्तर वर्षे लागली. विषाणू पेशीत वाढताना त्याच्या आरएनएची (अक्षरांच्या क्रमाने माहिती साठवणाऱ्या रेणूची) दुहेरी साखळी तयार होते. झाडाला ही साखळी परकी म्हणून ओळखू येते आणि झाडातील एक विकर (एन्झाइम) तिचे साधारण 21 ते 24 अक्षरांचे बारीक तुकडे करते. हे तुकडे मग नमुन्यासारखे वापरले जातात. त्यांच्याशी जुळणारा आरएनए पेशीत जेथे सापडेल तेथे तो कापला जातो. 1999 मध्ये हॅमिल्टन आणि बॉलकोम यांनी असे छोटे तुकडे झाडांत प्रत्यक्ष दाखवले, तेव्हा विंगार्डच्या स्वच्छ पानांचा अर्थ लागला. सौम्य विषाणूने झाडात आधीच हे नमुने तयार करून ठेवलेले असतात, म्हणून मागाहून येणाऱ्या भावकीतल्या उग्र विषाणूला तेथे वाढता येत नाही. या संरक्षणाचे हे एकमेव कारण नाही, पण मुख्य कारणांपैकी ते नक्कीच आहे.

"जुळणारा" या शब्दाकडे आपण मुद्दाम लक्ष द्यावे, कारण सगळी अडचण तेथेच आहे. अक्षरांचा क्रम पुरेसा वेगळा असेल, तर नमुना लागू पडत नाही आणि संरक्षणही मिळत नाही. शिवाय विषाणूही स्वस्थ बसत नाहीत. पपईच्या या विषाणूच्या कुळात झाडाची ही कापणी रोखणारे स्वतःचे प्रथिन असते.

बाटलीबद्दल एवढेच सांगतो की वर वर्णन केलेली कोणतीही गोष्ट तिच्यात असण्याची शक्यता मला वाटत नाही. काही रसायने आणि सूक्ष्मजीव झाडाची सर्वसाधारण सावधता वाढवतात, हे खरे आहे. 1961 मध्ये रॉस यांनी दाखवले होते की तंबाखूच्या एका पानावर लागण झाली की दुसऱ्या पानांवर नंतरचे डाग लहान पडतात. या प्रक्रियेत सॅलिसिलिक आम्लाचा मोठा वाटा असतो, हेही पुढे सिद्ध झाले आणि त्यावर आधारित उत्पादने बाजारात आली. बुरशी आणि जिवाणूंवर त्यांचा काही उपयोग होतो. मात्र उघड्या शेतातील पपईला तीन फवारण्यांत या विषाणूपासून मुक्त ठेवेल, असे उत्पादन मला माहीत नाही. बाटलीवर केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचा नोंदणी क्रमांक आहे का, की ती जैव-उत्तेजक (झाडाच्या वाढीला चालना देणारे द्रव्य) म्हणून विकली जात आहे, हे आपण आधी पाहावे. जैव-उत्तेजकांचा समावेश 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशात झाला आहे, पण त्या नोंदणीवर रोग नियंत्रणाचा दावा करता येत नाही.

निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र शिक्षिका (परळ, मुंबई)

वरचे उत्तर वाचून मला राहवले नाही, कारण यातील "लस" हा शब्द प्रश्नकर्त्यांना वाटतो त्यापेक्षा अधिक अचूक आहे. फोडातून किंवा जखमेतून पाझरणारा पातळ द्रव हा लस या शब्दाचा आपल्याकडचा जुना अर्थ, आणि पूर्वी "देवी काढणे" म्हणजे हाच द्रव एका दंडावरून दुसऱ्या दंडावर देणे होते. 1796 मध्ये जेन्नर यांनी गाईच्या देवीतील द्रव देऊन माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळवले. सौम्य नातेवाइकाची लागण करून उग्र नातेवाइकाला रोखण्याचा हा विचार मॅकिनी यांच्या तंबाखूत जसाच्या तसा दिसतो.

आपल्या शहराचा या कथेशी थेट संबंध आहे. समुद्रप्रवासात आणि उष्णतेत ती लस निकामी होत असे. अखेर टप्प्याटप्प्याने, दंडावरून दंडावर जिवंत ठेवत, ती बगदाद आणि बसऱ्यामार्गे मुंबईला आणली गेली आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला येथे देवी काढण्यात आल्या. भारतात यशस्वी झालेले ते पहिले लसीकरण होय. तिच्या दंडावरील फोडातून पुढे इतर मुलांना लस मिळाली. त्या काळात लस टिकवायची, तर ती जिवंत माणसातच ठेवावी लागे. झाडांच्या सौम्य विषाणूचीही अडचण तीच आहे, कारण विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढत नाही आणि त्याचा साठा जिवंत रोपांतच सांभाळावा लागतो.

निर्जीव लसीचा मार्ग वेगळा आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्या जागेत तुपाचे थेंब तरंगणाऱ्या काढ्यात प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि 10 जानेवारी 1897 रोजी त्यांची लस स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली आणि लस न घेतलेल्या कैद्यांशी तुलना करून आकडे मांडले गेले. 1899 पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली, आणि 1925 पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेल्या 19 जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो दूर व्हायला 1907 साल उजाडले.

हे मी इतके सविस्तर लिहिते, याला कारण आहे. एखाद्या द्रवाला लस म्हणायचे, तर तो कशाविरुद्ध आहे, कोणाला दिला, कोणाला दिला नाही, दोन्ही गटांत काय झाले आणि प्रत्येक बाटली शुद्ध आहे हे कोणी तपासले, याची उत्तरे द्यावी लागतात. आपल्या विक्रेत्याला हेच प्रश्न विचारा. फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळी शेजारी शेजारी ठेवून कोणी नोंदी केल्या आहेत का, हे विचारायला शास्त्राची पदवी लागत नाही.

तापीकाठचा बागायतदार

सर आणि बाई, आपल्या दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाटलीवर कोणताही नोंदणी क्रमांक नाही, त्यामुळे ती मी परत करणार आहे. आता दोन शंका उरल्या. माझ्या बागेत काही झाडे अशी होती की त्यांना व्हायरस दिसत होता, पण फळे बरी लागली. त्या झाडांच्या पानांचा रस काढून नवीन रोपांना चोळला, तर सौम्य विषाणूची लस आपणच दिल्यासारखे होईल का? आणि अमेरिकेत व्हायरस न येणारी पपई आहे असे ऐकतो, तिचे बियाणे येथे का मिळत नाही?

होनोलुलूतील मराठी वाचक

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो. मी काही वर्षे हवाई बेटांवर राहतो आहे आणि येथील पपईच्या बागा पाहिल्या आहेत. 1950 च्या दशकात या विषाणूने ओआहू बेटावरची पपई संपवत आणली, तेव्हा लागवड हवाई बेटावरील पुना जिल्ह्यात गेली. मे 1992 मध्ये विषाणू तेथेही पोहोचला. त्या वर्षी पुनात सुमारे 5.3 कोटी पौंड पपई पिकली होती. 1998 पर्यंत हा आकडा जवळपास निम्मा झाला.

याच भूमीत जन्मलेले वनस्पतिरोगतज्ज्ञ डेनिस गोन्साल्विस हे संकट येणार हे ओळखून आधीपासून काम करत होते. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी आणि तैवानचे शी-डाँग येह यांनी हवाईतील उग्र विषाणूवर नायट्रस आम्लाची प्रक्रिया करून एचए 5-1 हा सौम्य प्रकार मिळवला. म्हणजे अभ्यासक सरांनी सांगितलेली पद्धत पपईत आधी वापरून पाहिली गेली. 1980 च्या दशकात तैवानमध्ये तो मोठ्या प्रमाणावर रोपांना देण्यात आला. फायदा झाला, पण आजूबाजूला रोगाचा दाब जास्त असेल तेथे संरक्षण मोडत होते, आणि काही वाणांवर सौम्य विषाणूचीच लक्षणे त्रासदायक ठरत होती.

म्हणून पुढची पायरी घेतली गेली. त्याच सौम्य विषाणूच्या कवचाच्या प्रथिनाचे जनुक जीन गनने (जनुक लावलेले सूक्ष्म कण पेशींवर मारणाऱ्या यंत्राने) पपईच्या पेशींत घातले गेले. त्यातून सनअप हे वाण आले, आणि सनअपचा पिवळ्या गराच्या कापोहो वाणाशी संकर करून रेनबो तयार झाले. 1998 मध्ये ही बियाणी शेतकऱ्यांना मिळाली. त्या दिवसांबद्दल येथील वयस्क बागायतदार आजही भरभरून बोलतात, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी बागा तोडून टाकल्या होत्या.

हे बियाणे शहाद्यात लावून भागणार नाही, याचे कारण केवळ परवानगी नाही. जनुकीय पिकांपैकी आपल्याकडे शेतकऱ्यांच्या शेतात अधिकृत व्यापारी लागवड फक्त कापसाची होते, हे एक. पण रेनबोतील जनुक हवाईच्या विषाणूचे आहे आणि इतर देशांतील अनेक प्रकारांपुढे रेनबो टिकत नाही, हे प्रयोगांत दिसले आहे. जुळणीचा मुद्दा येथे पुन्हा येतो. चीनमध्ये 2006 मध्ये मान्यता मिळालेली जनुकीय पपई म्हणूनच तेथील विषाणूचे जनुक घेऊन बनवली गेली. भारतीय विषाणूसाठी भारतीय विषाणूवरूनच काम व्हावे लागेल.

वनस्पतिरोग अभ्यासक (राहुरी)

दादा, आपली पहिली शंका अतिशय बुद्धीची आहे आणि तरीही हात जोडून सांगतो की असे करू नका. जे झाड रोग असूनही बरे फळले, त्यातील विषाणू सौम्य असेलच असे नाही. त्याला लागण उशिरा झाली असेल, त्याला खतपाणी जास्त मिळाले असेल किंवा ते झाडच काटक असेल. त्याचा रस लहान रोपांना चोळला, तर सर्वांत नाजूक वयात आपण स्वतःच्या हाताने उग्र विषाणू देऊन बसाल. रसात दुसराही एखादा विषाणू असू शकतो, आणि दोन वेगवेगळ्या कुळांतील विषाणू एकत्र आले की कधी कधी रोग दोघांच्या बेरजेपेक्षा अधिक भयंकर होतो. शिवाय हा विषाणू पसरवणारा मावा (रस शोषणारा बारीक किडा) आपल्या बांधावर थांबत नाही. आपण दिलेला विषाणू शेजाऱ्याच्या बागेत जाईल.

प्रयोगशाळेत सौम्य प्रकार निवडल्यावर तो अनेक पिकांवर, अनेक वाणांवर आणि अनेक पिढ्या वाढवून तपासतात, तो उलटून उग्र होतो का हे पाहतात. एवढे सगळे जेथे झाले, तेथे यशही मिळाले. ब्राझीलमध्ये मोसंबीवर्गातील पेरा संत्र्याच्या कोट्यवधी झाडांना ट्रिस्टेझा विषाणूचा सौम्य प्रकार कलमाबरोबरच दिला गेला. तेथे डोळा भरताना एकदाच लागण करावी लागते आणि झाड अनेक वर्षे जगते, म्हणून हा मार्ग परवडला. युरोपात काचगृहातील टोमॅटोसाठी पेपिनो मोझॅकच्या सौम्य प्रकाराला 2015 मध्ये रीतसर मान्यता मिळाली. पपईसारख्या दीड-दोन वर्षांच्या पिकात दर लागवडीला प्रत्येक रोपाला लागण करायची आणि तीही रानातला विषाणू पोहोचण्याआधी, हे गणित अवघड जाते.

मला स्वतःला सर्वाधिक आशा आहे ती तिसऱ्या वाटेची. विषाणू द्यायचाच नाही, जनुकही बदलायचे नाही, फक्त जुळणारी दुहेरी आरएनए पानावर फवारायची आणि कापणीचे नमुने झाडाला बाहेरून पुरवायचे. उघडा आरएनए पानावर काही दिवसांतच नष्ट होतो, ही त्यातील अडचण होती. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात नीना मित्तर यांच्या गटाने तो चिकणमातीसारख्या अतिसूक्ष्म थरांत बसवला आणि 2017 मध्ये एका फवारणीने किमान 20 दिवस विषाणूपासून संरक्षण मिळाल्याचे दाखवले. फवारणीच्या दुहेरी आरएनएचे पहिले उत्पादन अमेरिकेत 2023 च्या अखेरीस नोंदले गेले, पण ते बटाट्यावरील भुंगेऱ्यासाठी आहे. पपईच्या आपल्या विषाणूसाठी दुकानातून आणावे असे काही अजून नाही. हे लिहिताना वाईट वाटते, कारण आपल्यासारखे शेतकरी वाट पाहत आहेत हे मला ठाऊक आहे.

केळी-पपई उत्पादक (रावेर, जि. जळगाव)

शास्त्राचे ज्ञान मला नाही, परंतु चार हंगामांचा अनुभव लिहितो. आम्ही रोपे स्वतः जाळीत वाढवतो, बारीक छिद्रांच्या कीटकरोधक जाळीचे दुहेरी दार ठेवतो. लागवडीआधी तीन-चार आठवडे शेताभोवती मक्याच्या दाट ओळी पेरतो. पहिल्या वर्षी मी माव्यासाठी दर आठ दिवसांनी कीटकनाशक फवारले आणि तरीही बाग गेली. दुसऱ्या वर्षीपासून फवारणी कमी केली आणि रोगट झाड दिसताच उपटून गाडू लागलो. पहिल्या सहा महिन्यांत ही शिस्त पाळली, तर रोग येतो पण उशिरा येतो, आणि तोवर दोन-तीन चांगले तोडे हाती लागतात.

वनस्पतिरोग अभ्यासक (राहुरी)

रावेरच्या भाऊंच्या अनुभवामागे स्पष्ट कारण आहे. हा विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकावर काही सेकंदांत चिकटतो आणि पुढच्या झाडावर एकदा सोंड टोचली की तेवढ्याच वेळात उतरतो. मावा पपईवर वस्ती करत नाही; तो येतो, चव पाहतो आणि निघून जातो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. मक्याच्या ओळीवर आधी बसलेल्या माव्याची सोंड तेथेच पुसली जाते, म्हणून अशी कुंपणपिके उपयोगी पडतात. बियांतून हा विषाणू सहसा जात नाही, त्यामुळे जाळीतले रोप स्वच्छ मिळते. विषाणूचा सर्वांत मोठा साठा म्हणजे जवळपासच्या जुन्या, सोडून दिलेल्या पपईच्या बागा.

तापीकाठचा बागायतदार

शेवटचे वाक्य वाचून मी आज सकाळीच शेतात जाऊन आलो. गेल्या वर्षीची सोडलेली झाडे बांधाच्या कडेला अजून उभी आहेत आणि नवीन लागवडीचे क्षेत्र तेथून दोनशे पावलांवर आहे. या आठवड्यात ती सर्व काढून टाकतो आणि वरच्या अंगाला ज्या भाऊंची जुनी बाग आहे, त्यांनाही हा धागा वाचून दाखवतो. मक्याची पेरणी आधी आणि पपईची लागवड त्यानंतर चार आठवड्यांनी, असा क्रम ठेवतो. पपईच्या दोन ओळी मक्याच्या कुंपणापासून दूर ठेवून त्यांची नोंद वेगळी करीन आणि पोळ्याला आकडे येथे लिहीन.